दवाखान्यानं दिलेल्या चपला

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. जामच्या चौरस्त्यावर चहाच्या टपरीत मी आजवर जे जे सांगितलं त्यावर कोणी ठेवला नाही, तर यावरच काय म्हणून ठेवतील? पण साखरेच्या आजारात पायाची काय दशा होते, यावर डॉक्टर लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. त्यातलं एक अख्खं प्रकरण माझ्या डाव्या पायावरून लिहिलेलं आहे.

माझी नात समीक्षा नागपूरला नर्सिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर बसून ती मोठ्यानं पाठ करत होती, "मधुमेहात पायाची संवेदना जाते, जखमा लवकर भरत नाहीत, वेळेवर लक्ष न दिल्यास..."

"पुस्तक मिटव पोरी," मी म्हणालो. "ते माझ्याच पायावरून लिवलं हाये."

समोर आमचे शेजारी नत्थूजी बसले होते. आमच्या घरी चहा कधी होतो हे त्यांच्या नाकाला कळतं. ते म्हणाले, "चला, आता जेवायच्या टायमापर्यंत सुट्टी नाई."

माझी बायको देवकाबाई लसूण सोलत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "सांगा ना. मलेबी आयकायचं हाये."

साखर आम्हा दोघांनाही आहे. लग्नातच ठरलं होतं, जे येईल ते अर्धं अर्धं वाटून घ्यायचं. तर ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. थंडीचे दिवस, वावरात हुरडा चाललेला. मी आगटीपाशी उभा, हातात गरम कणीस. तेवढ्यात काहीतरी भाजल्याचा मस्त वास आला. मला वाटलं, नत्थूजींनी भरताचं वांगं टाकलं इंगळावर. म्हटलं, "काढा बापा, करपून राह्यलं." खाली पाहतो तर वांगं नाही, माझाच पाय! अख्खा इंगळ चवड्याखाली, आणि मी त्यावर आरामात उभा.

"मी होतो तिथं?" नत्थूजींनी विचारलं.

"होते ना."

"मले काऊन आठवत नाई?"

"तुमचं ध्यान हुरड्यात होतं."

देवकाबाईनं लसणाची पाकळी फुंकली. "हुरडाच होता का तो?" तिनं विचारलं.

"हुरडाच," मी ठासून सांगितलं आणि पुढं निघालो, कारण बायकोच्या प्रश्नापाशी फार वेळ थांबलं की गोष्ट थंड होते.

घरगुती हळद झाली, कोरफड झाली, एका वैदूचा काळा मलम झाला. जखम काही हटेना. शेवटी वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं रुचिका म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई होती, पुण्याकडची. साखरेच्या रोग्यांच्या पायाच्या जखमा कशानं लवकर भरतात, याचा अभ्यास करत होती. तिनं मला डोळे मिटायला लावले. "काका, मी तळव्याला हा नायलॉनचा धागा लावते. कळलं की हो म्हणा."

एवढी शिकलेली पोर आपल्यासाठी खाली वाकून बसली आहे, तिला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हाव." थोड्या वेळानं परत, "हाव." मग तिसऱ्यांदा, "हाव हाव."

ती म्हणाली, "काका, मी अजून धागा पिशवीतून काढलाच नाही."

समीक्षा खळखळून हसली. "हे मात्र खरं असते आबाजी. आमच्या मॅडम सांगतात, पेशंट मन राखायले हो म्हणतात."

"माझं तर समदंच खरं असते," मी म्हणालो.

मग डॉक्टरीणबाईनं आम्हाला समजावून सांगितलं. जखम असलेल्यांचे दोन गट करायचे. सगळ्यांना औषध सारखं, पट्टी सारखी. पण एका गटाला खास मऊ रबराच्या चपला द्यायच्या, म्हणजे जखमेवर भार पडत नाही. दुसऱ्या गटानं आपल्या नेहमीच्याच चपला घालायच्या. कोण कोणत्या गटात, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. म्हणजे आपला-परका नको. आमची चिठ्ठी उघडली, आणि त्यात चपला!

तुम्हीच सांगा, भर दवाखान्यात, एवढ्या लोकांसमोर, सरकारी लॉटरी लागावी तशा चपला लागल्या. जाड, मऊ, निळ्या पट्ट्यांच्या. शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा तर हळहळून म्हणाला, "नशीब लागते बाप्पा." डॉक्टरीणबाई म्हणाली, "उठल्यापासून झोपेपर्यंत घालायच्या. घरातसुद्धा. एक पाऊल अनवाणी नाही."

"हाव," मी म्हटलं.

घरी आलो. त्या चपला धुतलेल्या धोतरात बांधल्या आणि ट्रंकेत, लग्नातल्या शालूवर ठेवल्या. डांबरगोळ्या टाकल्या.

"काऊन?" समीक्षानं कपाळाला हात लावला.

"काऊन म्हंजे? जिंकलेली वस्तू कोणी शेणात घालते का? वर्ध्याले जायचं त्या दिवशी काढायच्या. दवाखान्याच्या फाटकाशी घालायच्या, दवाखान्यात मिरवायच्या, घरी आल्यावर पुसून परत ट्रंकेत."

"अन् घरात?"

"घरात चपला? तुही आजी उंबऱ्याच्या आत माशीलेबी पाय धुवून येऊ देते."

नत्थूजी म्हणाले, "ते मात्र कोर्टात सांगा, मी साक्ष देतो."

दवाखान्यात प्रेमदास नावाचा एक मदतनीस होता. दर खेपेला तो जखमेवर स्वच्छ प्लास्टिकचा कागद धरायचा आणि पेनानं जखमेची कड गिरवायचा. मग डॉक्टरीणबाई ते चित्र आधीच्या चित्रावर ठेवून बघायची, वाढली की आटली. पहिल्या वेळी मी वाकून पाहिलं तर नकाशा अगदी विदर्भासारखा. इकडं बुलढाणा, तिकडं गडचिरोली. दुसऱ्या वेळी पाहिलं तर विदर्भ होता तिथंच, वर थोडा मध्य प्रदेशही घेतलेला.

"चपला घालता ना?" ती विचारायची.

"रोज," मी म्हणायचो.

ती चपला उलट्या करून बघायची. तळ असा कोरा की त्यावर पोळी वाढावी. वर डांबरगोळ्यांचा वास. बिचारीचा चेहरा दर खेपेला उतरत होता. प्रेमदासनं मला बाहेर गाठून सांगितलं, "मॅडमचा अभ्यास फसून राह्यला जी. मऊ चपलावाले अन् साध्या चपलावाले, दोघाइचे पाय सारखेच. मोठे डॉक्टर म्हणतात, चपलाइचा काही फायदाच नाई."

तिच्या अभ्यासाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग तिनं आम्हाला आत बोलावलं आणि पायाचा फोटो उजेडावर धरला. जखम हाडाच्या अंगाला सरकली होती. ती म्हणाली, "पुढच्या खेपेपर्यंत ही आटायला लागली नाही, तर अर्धं पाऊल काढावं लागेल. मग उशीर केला तर गुडघ्याखालून."

हे ऐकून देवकाबाई रडली. मी नाही रडलो. मी धीर दिला.

"कोन रडलं ते म्या पाह्यलं," देवकाबाई लसणाकडं बघतच म्हणाली.

"तुह्या डोळ्यात पाणी होतं, तुले बरोबर दिसलं नसन."

"मले बरोबर दिसलं. एस्टीत कंडक्टरनं पाणी देल्लं."

"ते तिकिटासोबत देते कंडक्टर," मी म्हणालो. खरं सांगायचं म्हणजे, घरी आल्यावर मी त्या पायाकडं किती वेळ बघत बसलो. ज्या पायानं आयुष्यभर आमच्या घरात ये-जा केली, विहिरीवर, गोठ्यात, कापूस वेचताना, तो पाय अर्धा होणार. चालण्यावरून माणूस ओळखू येतो. अंधारात नुसता पायांचा आवाज आला तरी मला कळतं... असो.

"स्वताच्याच पायाचा आवाज?" नत्थूजींनी विचारलं.

"मधात बोलू नका हो!"

तर आठ-पंधरा दिवसांनी आमच्या दारात जीप. डॉक्टरीणबाई आणि प्रेमदास! म्हणाली, "दवाखान्यात बसून मला काही उलगडत नाही. म्हटलं, प्रत्येकाच्या घरीच जाऊन बघू." माझ्या आधी चार घरं करून आली होती. एकाच्या चपला देव्हाऱ्याशेजारी, हळद-कुंकू वाहिलेल्या. दुसऱ्याच्या चपला घालून त्याचा जावई पुलगावला नोकरीच्या मुलाखतीला गेलेला. आष्टीकडच्या एका पाटलानं तर त्या जोडीवर पोराची सोयरीक जुळवली होती म्हणे. दर पाहुण्याला दाखवायचा, दवाखान्याकडून मान मिळाला आमच्या घराण्याला!

मी ट्रंक उघडून चपला दाखवल्या. बाई संतापली. "काका, पाय जाईल हो! घरात घाला म्हणून किती वेळा सांगितलं मी!"

मी नुसतं तिच्या पायांकडं पाहिलं. ती आमच्या स्वयंपाकघरात उभी होती, आणि अनवाणी होती. तिचे बूट बाहेर उंबऱ्याशी, नीट जोडून ठेवलेले. कोणी सांगितलं नव्हतं तिला. आपसूकच काढले होते.

तिनंही खाली पाहिलं. मग हसायलाच लागली. "म्हणजे चूक माझी आहे," ती म्हणाली. "घरात घाला म्हणून सांगितलं, आणि घर पाहिलंच नव्हतं."

समीक्षानं पुस्तक केव्हाच मिटलं होतं. "मग?"

मग डॉक्टरीणबाई उंबऱ्यावर बसली आणि विचारलं, "अंगणात चपला चालतात ना?"

"अंगणात चालतात," मी म्हटलं. "अंगण म्हंजे भाईरच."

"आणि दिवसातला सगळ्यात जास्त वेळ हा पाय अनवाणी कुठं असतो?"

"चुलीपाशी."

नत्थूजींनी बशी खाली ठेवली. "तुम्ही? चुलीपाशी?"

"चहा लागते ना मले घडीघडी," मी म्हणालो. "तिथंच बसून राह्यचो."

देवकाबाईनं पदर तोंडाला लावला होता. लसूण झोंबला असेल.

तर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाय घरात चपला घालत नसेल, तर घरच बाहेर न्यायचं! दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेतली आणि स्वयंपाकघरातली चूल उकरली. अंगणात निंबाखाली नवी मांडली, वर तुराट्यांचा मांडव घातला, खालची जमीन सारवली नाही मुद्दाम, म्हणजे तिथं चपला काढायचा सवालच नाही. गावातले लोक विचारायला आले, घरात काही अशुभ झालं का? मी म्हटलं, नाई, चुलीले हवापालट पाह्यजे म्हणे.

आणि काय सांगू! पुढच्या खेपेला प्रेमदासनं प्लास्टिक धरलं आणि गिरवता गिरवता थांबला. विदर्भाचा वर्धा जिल्हा झाला होता. त्याच्या पुढच्या खेपेला समुद्रपूर तालुका. पोळ्यापर्यंत नुसतं जाम गाव राहिलं.

"अन् जामचा फाटा?" नत्थूजींनी विचारलं.

"फाटा दिवाळीले बुजला."

डॉक्टरीणबाईनं मग चपलावाल्या सगळ्या गावांत हाच उपाय सांगितला. इतक्या चुली अंगणात आल्या की रेल्वेतून जाणारे लोक म्हणायचे, वर्धा जिल्ह्यात घरोघरी लग्नं आहेत वाटतं. चपलावाल्यांचे पाय भरायला लागले, तिचा अभ्यास पार पडला, परदेशात छापून आला. त्यात लिहिलं आहे, रोग्याला सल्ला देण्याआधी त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन यावं.

"जखमेचा डाग दाखवा ना आबाजी," समीक्षा म्हणाली.

"डागबी राह्यला नाई. असा भरला, असा भरला, की उजव्या पायाले हेवा वाटते. अन् काऊन नाई भरणार? मी सांगतो तुले, त्या दिवसापासून चपला निघाल्याच नाईत. सकाळी चूल पेटवताना चपला. वरणाले फोडणी देताना चपला. भाकरी थापताना, परातीसमोर बसून, चपला पायातच..."

नत्थूजी आढ्याकडं बघू लागले. देवकाबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला, आणि तिचे खांदे हलत होते.

समीक्षा माझ्याकडं बघत होती. मग तिच्या आजीकडं. मग परत माझ्याकडं, नाडी मोजावी तसं.

"आबाजी," ती म्हणाली, "तुम्ही जन्मात भाकरी थापली नाई. तो पाय आजीचा होता!"