डांबरावरचा मोहा

“उचल बुधरी, उचल! इमान येऊन राह्यलं!”

धावपट्टीचा चौकीदार इतवारी ओरडत धावत सुटला. बुधरीने खराटा टाकला आणि ओंजळींनीच मोहफुलं टोपलीत भरू लागली.

“आज येत नाई म्हने ना तू, भाऊ?”

“मले कोन सांगते? तू उचल पयले!”

कारखान्याची ही पट्टी महिनोन्महिने ओस पडलेली असे. टोल्यात, त्यांच्या त्या छोट्या वस्तीत, एवढी सपाट, तापलेली जागा दुसरी नव्हती. चैत्र लागला की बुधरी पहाटे वेचलेला मोहा इथेच वाळत घाली. नवऱ्यामागे एकटीने पोट भरणारी बाई. तिला हटकायला इतवारीची जीभ उचलत नसे. विमान यायचं असलं की चंद्रपूरहून फोन येई. फोन कालपासून मुका होता.

कारखान्याचे वैमानिक असलेल्या कप्तानसाहेबांचं जुनं दुपंखी विमान सागांवरून खाली आलं. चाकं अलगद टेकली. मग डावं चाक रसाळ मोह्यावर गेलं आणि सरकलं. शेपूट गर्रकन फिरलं. साहेबांनी सावरून पाहिलं, पण विमान आता कोणाचंच ऐकेना. गिरकी घेत, पंख फरफटवत ते नाल्यात उलटलं.

दोघांनी साहेबांना ओढून काढलं, पट्टीच्या कडेला उताणं निजवलं. छाती दबली होती. श्वासाबरोबर तोंडातून रक्त येत होतं. दूर रस्त्यावर कारखान्याच्या जीपची धूळ दिसू लागली.

“भाऊ, मले नेतीन का रे आता?”

“जाय. झाडून घे लवकर.”

खराट्याचा आवाज सुरू झाला. साहेबांनी डोळे उघडले.

“इतवारी... काय झालं रे? माझा हात चुकला?”

खरं सांगावं तर बुधरी तुरुंगात जाते. न सांगावं तर जन्मभर विमानं उतरवलेला हा माणूस आपल्याच हाताला दोष देत जातो. इतवारी साहेबांच्या कानाशी वाकला.

“नाई साहेब. वारा होता. येकदम आडवा आला.”

साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांची नजर वर गेली. खांबावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा निपचित लोंबत होता. सागाचं पानही हलत नव्हतं.

साहेब नळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इतवारीचा हात चाचपडत शोधला आणि समजूत घातल्यासारखा थोपटला.

“बरं,” ते म्हणाले, “वाराच असेल.”