पुस्तकाबाहेरचं बोलायचं नाही

आमच्या गावच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची बारा वर्षं दर गुरुवारी दुपारी चार वाजता वाचनमंडळ चालवलं. आठ-दहा माणसं यायची, एकच पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं असायचं, आणि कॉफीबरोबर तासभर त्यावर बोलणं व्हायचं.

मंडळाचा एकच नियम होता आणि तो मी केलेला होता. पुस्तकाबाहेरचं बोलायचं नाही. त्याला कारणही घडलं होतं. घटस्फोटावरच्या एका कादंबरीवर बोलता बोलता दोन बायका एकमेकींच्या नवऱ्यांवर घसरल्या होत्या, आणि त्यातली एक आजही दुसरी दिसली की रस्ता बदलते. तेव्हापासून कुणी “माझ्या बहिणीचंही अगदी असंच झालं” म्हणायला लागलं, की मी टेबलावर पेन्सिल वाजवायचे. लोक हसून पुन्हा पुस्तकाकडे वळायचे. मला त्या पेन्सिलीचा जरा अभिमानच होता.

हाल्वोर मंडळात आला तो बायको गेल्यावर. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं खाडीतल्या फेरीबोटीवर मेकॅनिक होता. इंजिनाच्या आवाजानं कान अधू झाले होते, म्हणून तो नेहमी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. दोन वर्षांत त्याच्या तोंडून “बरं होतं” आणि “लांबवलंय फार” यापलीकडे मी काही ऐकलं नव्हतं.

त्या वसंतात आम्ही एक जाडजूड कादंबरी घेतली होती. यार्ले नावाच्या पोरक्या मुलाची गोष्ट. त्याला खाडीपलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी ठेवतात. तो शेतकरी त्याला पट्ट्यानं मारतो, मेंढ्यांच्या गोठ्यात कोंडतो. पस्तीस वर्षांनी यार्ले परत येतो, थकलेल्या म्हाताऱ्याची देखभाल करायला म्हणून त्याच घरात राहतो, आणि सोसलेलं एकेक त्याच्याकडून वसूल करतो. घडतं थोडं. चारशे पानं आपण यार्लेच्या डोक्यातच फिरत असतो.

त्या दिवशी चर्चा तापली होती. मासेपालन केंद्रावर काम करणारा तेर्ये म्हणाला, “मी असतो ना, तर चारशे पानं घालवलीच नसती. चाळिसाव्या पानाला म्हातारा खाडीच्या तळाशी!”

“तू चाळीस पानं तरी वाचलीस का रे?” आस्लाउगनं विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

आस्लाउग म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं मत झालं की वाद मिटला, असं सगळे धरून चालायचे. त्या म्हणाल्या, “सुडाचं सोडा. मला ते गावच पटलं नाही. मूल लंगडत शाळेत येतं आणि एकही माणूस विचारत नाही? बाई नाहीत, पाद्री नाही, शेजारी नाहीत? लेखिकेनं आपल्या सोयीसाठी सगळ्यांना आंधळं करून टाकलंय.”

मला ते पटलं. मी वहीत लिहिलंसुद्धा, ‘गाव कच्चं’.

तेव्हा हाल्वोर खाकरला. “गाव खरं आहे,” तो म्हणाला. “शेवट खोटा आहे.”

सगळ्यांनी माना वळवल्या. “खोटा म्हणजे कसा?” मी विचारलं.

“तो शेवटी दार उघडतो आणि म्हातारा त्याला ओळखून थरथरायला लागतो ना, ते. तसं नसतं.” त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला. “मी गेलो होतो तेव्हा…”

“तू? तू कुठे गेला होतास, हाल्वोर?” तेर्ये म्हणाला. “फेरी सोडून तू दुसऱ्या कशात बसलायस तरी का जन्मात?”

तेर्ये मनानं वाईट नाही. त्याला काही कळलं नव्हतं. लोक हसले. हाल्वोर थांबून राहिला, हसणं संपायची वाट बघत. तो माझ्याकडे बघत होता. आणि मी पेन्सिल वाजवली.

“आपण पुस्तकापुरतंच बोलूया, हं,” मी म्हणाले. अगदी गोड आवाजात.

“बरोबर आहे,” हाल्वोर म्हणाला.

तो उठून गेला नाही, रागावला नाही. शेवटपर्यंत बसला, कॉफी प्यायला, तपकिरी चीज घातलेलं वॉफल खाल्लं, आपला कप स्वतः धुऊन पालथा घातला आणि निघाला. पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला कधी उमगलं, तर त्याच संध्याकाळी. बटाटे सोलत होते आणि ते तीन शब्द कानात आले. मी गेलो होतो. हातातला बटाटा तसाच राहिला. फोन उचलायला हवा होता. पण म्हटलं, बोलायचं काय? उद्या करू. मग म्हटलं, आठवडाभरानं करू, तोवर तोच येईल. जून गेला, जुलै गेला. एकदा दुकानात मासळीपाशी भेटला. “यंदा बांगडा झकास आहे,” म्हणाला. मीही “हो ना, झकास आहे” म्हणाले आणि ट्रॉली ढकलत पुढे गेले. अशी मी.

ऑगस्टमध्ये आस्लाउग वाचनालयात आल्या. पुस्तकं परत केली, तरी टेबलापासून हलेनात.

“योरुन, हाल्वोर येत नाही का गं?”

“नाही.”

“माझ्या वर्गात होता तो,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी शिकत होते तेव्हा. आम्ही दोघं एका बाकावर. पलीकडच्या शेतावर ठेवला होता त्याला.” त्या पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. “बाकाच्या टोकावर बसायचा. पाठ टेकायचा नाही. आम्ही त्याला लाकूड म्हणायचो. आमच्या बाईसुद्धा म्हणायच्या.”

मी परत आलेली पुस्तकं बाजूला सारली.

“आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, हे गाव पटत नाही. तो माझ्यासमोर बसला होता, योरुन. मला खरंच आठवलं नव्हतं गं. हेच तर वाईट आहे. पाप केलंय आणि आठवतही नाही.”

त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी हाल्वोरच्या घरी गेले. तो अंगणात बेरीच्या झुडपावर जाळी टाकत होता. मला आत बसवलं, कॉफी टाकली. मी सगळं पाठ करून गेले होते, तरी तोंडातून आलं ते असं: “त्या दिवशी मी तुम्हाला गप्प केलं. माझी चूक झाली. तुम्हाला सांगायचं असेल तर मला ऐकायचंय.”

त्यानं किटली खाली ठेवली. “तुला ऐकायचंय, की तुला बरं वाटायला हवंय?”

खोटं बोलवेना. “दोन्ही,” मी म्हणाले.

तो मोठ्यानं हसला. “इंजिनाचं असंच असतं बघ. कुणी खरं सांगितलं की बिघाड सापडतो.” मग समोर बसला. “मी ते पुस्तक तीनदा वाचलं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं मी. ती विचारायची, पाठीवर कसले वण आहेत, मी म्हणायचो, बोटीवर लागलं. त्या गुरुवारी वाक्यं जुळवून आलो होतो. तुझ्या शेजारी बसतो, तू ऐकून घेशील असं वाटलं होतं. ओठापर्यंत आलं होतं सगळं.”

“आता सांगा ना.”

“ती वाक्यं बघितली शोधून. नाही सापडत.” तो शांतपणे म्हणाला, जणू एखादा सुटा भाग बाजारात मिळत नाही असं सांगावं तसं. “एवढंच सांगतो. मी खिशात जड लोखंडी पाना घेऊन गेलो होतो. सव्वीस वर्षांचा होतो. त्यानं मला ओळखलं नाही. बस म्हणाला, खुर्ची पुढे केली. मी बसलो. बाकीचं राहू दे.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढून घेतला नाही, पण थोड्या वेळानं उठून खिडकी उघडली आणि पक्षी बेरींचा कसा फन्ना उडवतात ते सांगू लागला.

आस्लाउगही नंतर त्याच्याकडे गेल्या. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. पण त्या हिवाळ्यात त्याच्या दारातला बर्फ उपसताना लोकांनी त्यांना दोनदा पाहिलं, एवढ्या वयात, आणि तो खिडकीतून “कंबर मोडेल, मास्तरीणबाई!” म्हणून ओरडत होता.

नियम मी हाल्वोरकडे जाऊन आले त्याच आठवड्यात काढून टाकला. निवृत्तीनंतरही मंडळ मीच चालवते. आता तिथे गुडघे निघतात, सुना निघतात, एखाद्या गुरुवारी पुस्तक उघडतच नाही. तेर्ये सगळ्यात जास्त बोलतो. मी कुणालाही थांबवत नाही. हाल्वोरला मी तीनदा बोलावलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, “बघतो.” अजून आलेला नाही.