न पडणारी काठी

आमच्या हॉलमध्ये सोफा नाही. होता, पण तो गॅलरीत गेला, कारण शरणला काठी धरायला जागा लागायची. काठी म्हणजे खरी नव्हे, टीव्हीतली. खरी काठी आमच्या गावच्या जत्रेत निघते. दोन मजली घराएवढी उंच, कमरेच्या पट्ट्यात बुंधा रोवून एकट्याने उभी धरायची आणि तशीच चालत देवळापर्यंत न्यायची. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत असे सात नंदीध्वज, म्हणजे अशाच काठ्या, असतात. आमच्या गावात एकच, आणि तो दरवर्षी एकेका घराकडे येतो. यंदा आमच्या घराची पाळी होती. सासऱ्यांचा, म्हणजे सिद्रामप्पांचा, गुडघा कामातून गेलेला. तेव्हा काठी माझ्या नवऱ्याने, शरणबसवने, धरायची हे ठरूनच गेलं होतं.

शरण व्हिडिओ गेम बनवतो. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी, अकलूजच्या सरळ माणसाने, मुलगा नक्की काम करतो की खेळतो हे दोनदा विचारून घेतलं होतं. दिवाळीनंतर कंपनीने त्याच्याकडे एक नवा कन्सोल तपासायला पाठवला, अजून बाजारात न आलेला. त्याला रिमोट नाही, हातात धरायचं काही नाही. टीव्हीखाली कॅमेरा, कमरेला पट्टा आणि मनगटात दोन कडी. तुम्ही हलाल तसं पडद्यावरचं हलतं. शिवाय तो तुमचं अंग शिकतो म्हणे. कुठल्या पायावर जास्त भार देता, किती वाकता, कधी दमता, सगळं थोड्या दिवसांत त्याला पाठ होतं. मला हे ऐकूनच कसंतरी झालं होतं. एवढं तर मलाही पाठ नाही, आणि मी बायको आहे.

गावातली निम्मी माणसं आता आमच्यासारखी सोलापुरातच राहतात. म्हणून जत्रेचा सराव अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागे, मोकळ्या मैदानात होतो. संध्याकाळी टॉवेलच्या कारखान्यातली पाळी सुटली की सायकली लावून सगळे जमतात. पहिल्याच आठवड्यात तिथे शरणच्या हातून काठी पडली. लागलं कुणाला नाही, पण लोक हसले. "साहेब, ह्यो माऊस न्हवं!" असं कुणीतरी ओरडलं. शरणही हसला, घरी आला आणि पुन्हा मैदानात गेला नाही.

त्याऐवजी त्याने त्या कन्सोलवर काठीचा खेळ बनवला. पडद्यावर आमचं गाव, आमची वेस, वारं आणि समोर तोलायला काठी. रोज काम संपलं की पट्टा बांधून उभा राहायचा. आमची चार वर्षांची आरोही टाळ्या वाजवायची. पुण्याचे साहेब तर खेळावर फिदा झाले. म्हणाले, पुढच्या काळात लोक असंच शिकणार, गाडी, पोहणं, सगळं घरच्या घरी.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, आधी कुरकुरले. "घरात बसून काठी येती व्हय?" पण पडद्यावर शंभरातले सत्त्याण्णव गुण दिसले तेव्हा गप्प झाले. मग मैदानात जाऊन स्वतःच सांगायला लागले, "पोरगं घरी करतंय की सराव. लई चांगलं करतंय." मुलाचं कौतुक कुणाला नको असतं?

जत्रेला थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी शरण आरोहीला शाळेतून आणायला गेला होता. मी केर काढत होते, टीव्ही चालूच होता, पट्टा खुर्चीवर पडलेला. बायकांनी काठीला हात लावायचा नाही असं गावात आहे. टीव्हीतल्या काठीबद्दल कुणी काही ठरवलेलं नव्हतं. मी कडी घातली, पट्टा बांधला आणि पदर खोचून उभी राहिले.

मला पंच्याण्णव मिळाले.

मी खूश झाले, हे आधी सांगते. वाटलं, आहे आपल्यात काहीतरी. दुसऱ्यांदा फोनवर आईशी बोलत खेळले, तरी तेवढेच. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. मी मुद्दाम कंबर डावीकडे ढकलली. काठी कलली, थांबली आणि हळूच सरळ झाली. उजवीकडे वाकले. पुन्हा तेच. शेवटी मी फरशीवर फतकल मारून बसले, हात मांडीवर ठेवले. पडद्यावर काठी ताठ उभी होती आणि खाली शाबासकी झळकत होती. भर दुपारी, माझ्याच घरात, मला त्या टीव्हीची भीती वाटली.

शरण आल्यावर मी त्याला सांगितलं. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते, घरात अरे.

"अरे, ही काठी पडतच नाही."

"मदतीचं बटण चालू राहिलं असेल," तो म्हणाला. मग सेटिंग उघडून पाहिलं. ते बंद होतं. महिनाभर बंदच होतं.

"मग तू पाडून दाखव."

तो हसत उभा राहिला. एकदा झुकला, दोनदा झुकला. तिसऱ्या वेळी त्याने अंगच टाकून दिलं आणि काठी तरीही उभी राहिली. त्याचं हसू गेलं. त्याने तिथल्या तिथे पुण्याला मेल केला. उत्तर लगेच आलं, अगदी आनंदाने लिहिलेलं. बटणाची मदत वेगळी, ती बंद करता येते. कन्सोल स्वतः जे सावरतो ते बंद होत नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. जो खेळाडू पडतो तो परत खेळायला येत नाही. म्हणून चूक होणार हे यंत्र आधीच ओळखतं आणि खेळाडूला कळायच्या आत ती भरून काढतं. शरणचं अंग त्याने फारच छान शिकून घेतलंय, अभिनंदन.

शरणने मेल पुन्हा एकदा वाचला.

"ऋतुजा, मग मला किती येतं?"

"काठी दुसऱ्या घराला देऊन टाक. मी आप्पांशी बोलते."

"आप्पा सगळ्यांना सांगत सुटलेत. काय बोलणार तू?" तो उठला. "मी मैदानात जातो. तिथे कळेल."

मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. आरोहीला बाइकवर पुढे बसवलं आणि मी मागे बसले. 

मैदानात बायका थांबत नाहीत. मी भिंतीच्या कडेला आरोहीला घेऊन उभी राहिले. सरावाच्या काठीला वर दोन दोर बांधलेले असतात, दोन्हीकडे चार-चार माणसं ते धरून असतात. जत्रेत दोर नसतात. तिथे काठीखाली सगळं गाव असतं, खांद्यावर पोरं घेतलेले बाप असतात. मला तेच दिसत होतं डोळ्यांसमोर.

सराव घेणारे शिवलिंगप्पा काका शरणला बघून म्हणाले, "या, वाट चुकलासा व्हय?" पण पट्टा त्यांनीच नीट बांधला, बुंधा बसवून दिला. शरणने काठी उचलली. उभी केली. पहिली काही पावलं इतकी छान टाकली की रोजच्यासारखे तिथे आलेल्या आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. मलाही वाटलं, मी उगाच घाबरले.

मग कारखान्यांच्या बाजूने वारं आलं. काठी डावीकडे कलायला लागली. करायचं एवढंच होतं, डावा पाय टाकून तिच्याखाली जायचं. मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येकाचा डावा पाय हलला. आप्पांचा दुखरा पायसुद्धा. शरणचा हलला नाही.

तो बावरला नव्हता, आणि तेच सांगता येणार नाही इतकं भयंकर होतं. त्याचा चेहरा शांत होता. रोज टीव्हीसमोर असायचा तसाच.

"अरे शरण, पाय टाक!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "पाय टाक!"

तो तसाच उभा. काठी गेली. दोरावरची माणसं मागे झोकून देऊन ओढत होती, तरी ती भिंतीशी येऊन आदळली, आमच्यापासून हातभर लांब. आरोही धुळीने पांढरी झाली. मी तिला छातीशी इतकं आवळलं की ती रडायला लागली.

शिवलिंगप्पा काका रागावले नाहीत. त्यांनी शरणच्या खांद्यावर हात ठेवला. "पाय का न्हाई टाकला रं?"

"टाकणार होतो."

"कवा?"

"मला वाटलं, येईल परत."

"कोन आननार हुता परत?"

 आप्पा लंगडत पुढे आले. त्यांनी स्वतःच्या हाताने मुलाच्या कमरेचा पट्टा सोडला आणि शिवलिंगप्पा काकांकडे दिला. "यंदा आमचं घर न्हाय," एवढंच म्हणाले आणि जवळच्या दगडावर जाऊन बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण खरं सांगते, मला आत कुठेतरी मोकळं वाटलं. नाक गेलं, नवरा राहिला.

आप्पा काकांबरोबर मागून येतो म्हणाले. आम्ही तिघं निघालो. आरोही पुढे टाकीवर, मी मागे. अक्कलकोट रोडला कारखाने सुटल्याची गर्दी होती, त्यामुळे बाइक हळूहळू चालली होती. आमच्या पुढे टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो होता, गठ्ठे मागे बाहेर आलेले. टेम्पोचे लाल दिवे लागले. तो थांबला.

मला दिसलं. शरणलाही दिसलं असणार, कारण त्याची बोटं ब्रेकवर गेली. मी पुढे ढकललं जायची तयारी केली, मागे बसणारी बाई करते तशी. पण हिसका आलाच नाही. टेम्पो मोठा होत गेला. मी त्याच्या खांद्याच्या वरून आरोहीच्या छातीभोवती हात टाकला आणि किंचाळले.

आम्ही गठ्ठ्यांत घुसलो. टॉवेलच होते, मऊ होते. बाइक आडवी झाली, माझं कोपर खरचटलं. आरोही गठ्ठ्याला टेकून उभी होती आणि हसत होती. "परत एकदा, पप्पा!" म्हणाली. टेम्पोवाला खाली उतरून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

शरण बाइक उचलायचं सोडून हँडल धरून त्याच्याकडेच बघत होता.

"ऋतुजा, मी ब्रेक दाबला होता. आईशप्पथ, दाबला होता."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याची बोटं अजून ब्रेकवरच होती, सरळ, हलकी, नुसती टेकवलेली.

"चालत जाऊ," मी म्हणाले.

बाइक आम्ही समोरच्या चहाच्या गाडीपाशी लावून ठेवली. घर पलीकडच्या बाजूला होतं. रस्त्यावरून ट्रक, रिक्षा, सायकली, काही ना काही येतच होतं. शरण कडेला उभा राहून समोर बघत होता, त्याच शांत चेहऱ्याने. मी एका हाताने आरोहीचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने त्याचा. चार माणसं बघत होती, पण त्याने हात सोडवून घेतला नाही. मी म्हटलं, "मी सांगते तेव्हा पाय टाक," आणि तो "हो" म्हणाला.