एकोणचाळीसचा रुपया

धाकू परबांचं पत्र नऊ वर्षं माझ्याकडे पडून आहे. वहीचा फाडलेला कागद, वर मानखुर्दचा पत्ता. ‘साहेब, रविवारी तुम्ही माझा रुपया बघून ठीक आहे म्हणालात. तेवढंच दोन ओळींत लिहून द्या. घरात मालन मला खोटारडा म्हणते.’ बस, एवढीच मागणी. मी उत्तर दिलं नाही.

आमचं नाणेसंग्राहकांचं मंडळ महिन्यातून एकदा, रविवारी, घाटकोपरच्या एका शाळेत भरतं. मी मुलुंडचा, निवृत्त ग्रंथपाल. नाण्यांवरची पुस्तकं वाचली आहेत म्हणून लोक माझ्यापुढे नाणी ठेवतात आणि दर्जा विचारतात. माझं ज्ञान पुस्तकी आहे, ते एक दिवस उघडं पडेल, ही धास्ती मला कायमची. पण धाकूंनी रुपया पुढे ठेवला त्या रविवारी शंका घ्यायला जागाच नव्हती. १९३९चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ, १९३८चा त्या मानाने सहज मिळतो. भिंगाखाली स्पष्ट दिसत होतं: इंग्रजी आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू खरवडून नऊ केला होता. अंकाभोवती बारीक ओरखडे होते.

गिरणी बंद पडल्यावर धाकूंनी चेंबूरला वॉचमनची नोकरी केली होती. बायकोच्या गळ्यातल्या चार सोन्याच्या गिन्या देऊन त्यांनी हा रुपया घेतला होता. घेतला होता जयवंतकडून. जयवंत आमच्यातला सगळ्यात मोठा व्यापारी, आणि त्या वेळी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

“बोला ना पंडित! की घरी जाऊन पुस्तकात बघून सांगता?”

सगळे हसले.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

गेल्या महिन्यात धाकूंच्या पत्नी मालनबाई मंडळात आल्या. धाकू दिवाळीत वारले होते. बाईंनी रुमालाची गाठ सोडून रुपया टेबलावर ठेवला. जयवंतने उचलला, भिंगही न लावता परत टाकला.

“कोणी टोपी घातली गं मावशी तुला? आठाचा नऊ केलाय. चांदीच्या भावात जाईल.”

“तुमीच दिल्यात.”

“मी? माझ्याकडून रोज शंभर नाणी जातात. बिल आहे?”

“बिल नाय. पण माझ्या घोवान सांगलां, मुलुंडच्या सायबान बघून ठीक म्हटलां.”

“ऐकलंत का पंडित? तुमच्या नावावर पास झालाय!” जयवंतने आजूबाजूला बघून डोळा मारला. “अगं मावशी, हा माणूस स्वतःच्या नाण्याला हात लावायला घाबरतो. हा कसला पास करतोय?”

पुन्हा सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या.

“तुमी म्हटलात काय?”

“आठवत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखादा हिशेब जुळावा तसं समाधान होतं.

“म्हंजे खोटांच बोललो तो. नऊ वर्सां मी तेच्या हातचो चाय घेतलंय नाय. शेवटाक पाणी मागल्यान, तां पण सुनेन दिल्यान. बरां केलंय मी.”

जयवंतने त्यांच्यासाठी चहा मागवला. चांदीच्या भावाने पैसे मोजून दिले. त्या जिना उतरल्यावर त्याने तो रुपया नव्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि वर पेनाने १९३९ लिहिलं. मी बघत होतो. आम्ही सगळेच बघत होतो.

तेव्हापासून लिहायला बसतोय. न लिहावं तर धाकू कायमचे खोटारडे राहतात. लिहावं तर नऊ वर्षं आपण नवऱ्याशी कसं वागलो हे त्या बाईला कळेल, आणि ते दुरुस्त करायला आता तो नाही. हे तिच्यासाठी लिहायचं की माझं ओझं उतरावं म्हणून? ठरवता आलं नाही. तीन मसुदे फाडले. एकात माझ्या तब्येतीबद्दल एक परिच्छेद होता, त्याची अजून लाज वाटते.

शेवटी एवढंच लिहिलं: ‘मालनबाई, तुमचे पती खोटं बोलले नाहीत. मी ठीक आहे म्हणालो होतो. रुपया बनावट आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही मला सगळं आठवत होतं.’ क्षमा मागितली नाही. मागितली असती तर उत्तर द्यायचं काम पुन्हा त्यांच्यावरच आलं असतं.

आज सकाळी मुलुंडच्या पोस्टात जाऊन पत्र पाठवलं. दोन-तीन दिवसांत पोहोचेल. त्यांना वाचता येतं, की सून वाचून दाखवेल, ते मला माहीत नाही.