भट्टीशेजारची मेथी

आमच्या सासूबाईंना, शांतादेवींना, एखादी गोष्ट करू नका म्हटलं की ती झालीच म्हणून समजा. त्या वर्षी मी एकच बजावलं होतं. मोहरीच्या रानात शेणखत घालायचं नाही.

नव्वदनंतर ट्रक-स्कूटर वाढल्या, तशी धारूरजवळच्या आमच्या शेताला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी आली. गावानं ओरडून ती बंद पाडली, पण शिसं आमच्या मातीत उतरलं ते उतरलंच. तपासणीत मेथीच्या पानातही निघालं, आणि सासूबाई ती मेथी विकायला बसायच्या त्या बाजारभर बोभाटा झाला. शेजारच्या भाजीवाल्या म्हणाल्या, "दुसऱ्या गावची हाय म्हणून सांगा की." सासूबाईंनी बसायचं पोतं झटकलं, घडी घातली आणि घरी आल्या.

"खोटं बोलून मेथी इकायची न्हाई, रुद्राणी," एवढंच बोलल्या. बाजारातली त्यांची रिकामी जागा बघून मला रडू यायचं.

मी परभणीला शेतीचं शिकलेली. मोठ्या डौलात जाहीर केलं, "मोहरी मातीतलं शिसं ओढते. ती उपटून टाकत गेलो की जमीन हळूहळू साफ होईल." सगळ्या रानात मोहरी पेरली.

पीक आल्यावर नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथं माझी मैत्रीण अपेक्षा होती. एसटीडी बूथवरून तिला फोन लावला.

"ओढ्याकडच्या मोहरीत शिसं चांगलंच आलंय," ती म्हणाली. "विहिरीकडच्या मोहरीत मात्र जवळजवळ नाहीच."

मी चक्रावले. माती तर दोन्हीकडे सारखीच बिघडलेली होती, तिनंच तपासली होती.

घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई घाईघाईनं पीठ मळायला बसल्या. चूलसुद्धा पेटलेली नव्हती.

"आत्याबाई, काय केलंत?"

"माती लई उपाशी दिसत व्हती गं. पेरणीआधी इहिरीकडं कुजलेलं खत टाकलं. ओढ्याकडं टाकणार, तवर तू आलीस."

माझं डोकंच फिरलं. "सगळ्यावर पाणी फिरवलंत! कुजलेलं खत शिसं घट्ट धरून ठेवतं, मुळांना सोडतच नाही! म्हणून तर नको म्हणत होते!" ओरडता ओरडताच मी गप्प झाले.

"का गं थांबलीस? बोल की."

"मोहरीला सोडलं नाही," मी म्हणाले, "तर मेथीला तरी कशाला सोडेल?"

पुढच्या हंगामात विहिरीकडं आणखी खत घालून मेथी लावली. ओढ्याकडं बिनखताची मोहरीच ठेवली. शिसं ओढू दे, आम्ही ती गुरांच्या तोंडाला लागू दिली नाही. मेथी तपासायला पाठवली आणि पुन्हा बूथ गाठला.

"खुशाल खा," अपेक्षा म्हणाली. मी अशी किंचाळले की बूथवाला उठून उभा राहिला.

बाजाराच्या दिवशी सासूबाईंनी जुन्या जागी पोतं अंथरलं. हॉटेलवाले त्रिंबकराव आले, हिरव्यागार जुड्या बघून थबकले. "शांताबाई, कुठली हो मेथी?"

शेजारणी माना वळवून ऐकू लागल्या. माझा जीव टांगणीला लागला.

"आमच्याच रानातली. भट्टीशेजारची," सासूबाई म्हणाल्या. "शिसं हाय मातीत. पर आमच्या खतानं धरून ठिवलंय. पानात न्हाई, तपासून आणलीय."

त्यांनी एक जुडी सोडली, कोवळी पानं खुडून तोंडात टाकली आणि निवांत चावत बसल्या. त्रिंबकरावांनी पिशवी पुढं केली. "सगळ्याच द्या."

"सगळ्या न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "बाकीची गिऱ्हाइकं बी येतील." आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "भट्टीशेजारची मेथी घ्याऽऽ, भट्टीशेजारची!"