झरीच्या चढावरची मावशी

रविवारी पहाटे जीवन आरशासमोर उभा राहून स्वतःला त्या पोपटी, अंगाला चिकटणाऱ्या सदऱ्यात कोंबायचा, तेव्हा संगिता स्वयंपाकघरातून एकदा डोकावायची आणि मनात म्हणायची, देवा, माणसाला पोट दिलंस, मग ते झाकायची बुद्धीही द्यायची होतीस.

डहाणूला सरकारी कचेरीत कारकून असलेला हा माणूस आठवडाभर तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चढताना दोनदा श्वास घ्यायला थांबत असे. संगिताने कीर्तनाला चला म्हटलं की याचे गुडघे दुखत. देवळात दीड तास मांडी घालून बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे! पण रविवार उजाडला की गुडघे बरे. घरातल्या फ्रिजपेक्षा महाग असलेली गिअरची सायकल खांद्यावर घेऊन साहेब जिना उतरायचे. खाली दातांचे डॉक्टर आणि चिकूच्या वाडीचा मालक उमेश घंटी वाजवत उभे. मग तिघं बोर्डीवरून आत वळून झरीचा डोंगर चढायला निघायचे. कशाला? तर निसर्ग बघायला.

आता गंमत अशी, की हा निसर्ग जीवनने पंधरा वर्षांचा होईपर्यंत रोज बघितला होता. त्याचा जन्मच झरीच्या पुढच्या पाड्यावरचा. ह्याच चढावरून तो डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन अनवाणी बोर्डीच्या बाजाराला उतरायचा, तेव्हा त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आता तोच चढ चढला की फोनमध्ये पदक मिळत होतं. त्या फोनमध्ये एक अ‍ॅप होतं. कोण किती वेगाने चढला ते सगळ्या ग्रुपला दाखवायचं. वाटेत थांबलं की सरासरी पडते म्हणे.

आणि त्याच चढावर, रस्त्याला लागूनच, जीवनच्या आईचं घर होतं.

बायजी एकटी राहायची. तुक्या, म्हणजे जीवनचा बाप, जाऊन सहा वर्षं झाली होती. शेताचा तुकडा ती शेजाऱ्यांच्या मदतीने लावायची. लेक दर रविवारी दारावरून जातो हे कळल्यापासून ती सकाळी पाण्याचा तांब्या भरून कुडाशी उभी राही. पहिले काही रविवार जीवन एकटा यायचा, तेव्हा थांबला. मग ग्रुप आला, ते अ‍ॅप आलं. मग तो नुसती घंटी वाजवून हात वर करू लागला. बायजी तांब्या घेऊन परत आत जायची, आणि बुधवारी फोनवर सुनेला सांगायची, "पोर दिसला गो. बारीक झालाय." बारीक! संगिताला फोन कानाला लावूनच हसू यायचं.

२०१८ च्या ऑक्टोबरात बायजीचं लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं. ह्या घरची रीत अशी, की नवा तांदूळ आधी कणसरी माउलीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना वाढायचा, आणि तो वाढायचा घरच्या कर्त्या मुलाने. तोवर घरातल्या कुणी नव्या तांदळाचं शीत तोंडात घालायचं नाही. ज्याने आधीच दुसरीकडे खाल्लं, त्याचा हात त्या वर्षी चालत नाही. बायजीचा जुना तांदूळ संपला होता. घरात नवं भात कणगीत भरलेलं, आणि म्हातारी दोन आठवडे नाचणीची भाकरी पाण्यात बुडवून खात होती. जीवन म्हणत होता, पुढच्या रविवारी.

"आज तरी थांबा," संगिता जिन्यात म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम."

"ग्रुप असतो गं. सगळे एका लयीत असतात."

"मग ग्रुपला सांगा, आईच्या घरी कणसरीचं वाढायचंय. तेही बसतील दोन मिनिटं."

जीवन वाकून टायर दाबून बघू लागला. ग्रुपला का सांगायचं नव्हतं हे संगिताला दुपारी कळलं.

दुपारी डॉक्टरांच्या बायकोने तिला दोन व्हिडिओ पाठवले. पहिल्यात बायजीचं घर. डॉक्टरांचा आवाज, "बघा मित्रांनो, आपल्या डोंगरातली माणसं! ओळख ना पाळख, आणि पाणी पाजतात!" बायजी तांब्या घेऊन पुढे आली. तिला कॅमेरा दिसतच नव्हता, ती एकाच माणसाकडे बघत होती. "आलास? पाय धू. नव्या तांदळाचं सूप भरून ठेवलंय."

"काय म्हणतात मावशी, जीवनभाई?"

जीवनने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. "काही नाही, त्यांचं एक काम अडकलंय कचेरीत. मी बघतोय." आणि मग पोटच्या पोराने आईला सांगितलं, "पुढच्या रविवारी नक्की, मावशी. पाणी द्या अजून थोडं."

बायजीने तांब्या कलता केला. "घ्या, साहेब."

मागून उमेश म्हणत होता, "जीवन म्हणजे देवमाणूस! गोरगरिबांची कामं करतो."

दुसरा व्हिडिओ पुढच्या गावातल्या कुठल्याशा वाडीवरचा. पानावर वाफाळता भात, आणि भुरके मारणारा जीवन. संगिता शेतकऱ्याची लेक. नव्या तांदळाचं बसतं तसं शीत शिताला धरून बसलेलं तिने बघितलं आणि तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

जीवन अंघोळ करून आला तेव्हा तिने फोन त्याच्यापुढे धरला. "ही कोणती मावशी तुमची? लग्नात दिसली नव्हती."

"अगं, एवढ्या लोकांत एकदम कसं... सांगणारच होतो नंतर."

"कधी? तेराव्याला?"

"ते मोठे लोक आहेत, संगिता. त्यांना वाटतं मी डहाणूचाच."

"आणि हा भात नवा आहे."

"मला काय माहीत?"

"पायांनी चढत होतात तेव्हा माहीत होतं. आता तुमचा हात चालायचा नाही."

जीवनच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखे भाव आले. शिव्या खाऊन झाल्या, आता पुढच्या रविवारी थांबायला नको! बाकी सगळं संगिताने गिळलं असतं, पण ती सुटका तिला गिळता येईना. आईला आई म्हणायला ज्याची सरासरी पडते, त्याच्या हातचं कणसरी तरी कसं घेणार?

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ती लेकीला, निलमला, घेऊन झरीला गेली. जाताना सरळ सांगून गेली, "आयकडे चाललोय." बायजीला तिने भाताचं सांगितलं. मावशीचं सांगायची गरज नव्हती.

"खाल्ला त्याने?" बायजीने विचारलं. "पोटभर खाल्ला ना?"

"आय, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो ना. पण आधी पोट येतं." बायजी चूल फुंकत म्हणाली. "उद्या तू बस वाढायला."

"मी? बाईमाणूस?"

"मग कणसरी काय बाप्या आहे?"

सकाळी संगिताने सारवलेल्या जागेवर पानं मांडली, नवा भात वाढला, सासऱ्याचं नाव घेतलं, हात जोडले. मग बायजीने पहिला घास घेतला आणि किती वेळ नुसती चघळत राहिली.

इतक्यात बाहेर घंट्या वाजल्या. जीवनने त्या दिवशी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या गडाकडे जाऊ म्हणून खूप गळ घातली होती म्हणे, पण डॉक्टरांनी मावशीचा पाणी देतानाचा फोटो चौकटीत घालून आणला होता आणि तो द्यायचाच होता. डॉक्टर पुढे, उमेश मागे, आणि शेवटी जीवन, अजून चढच चढत असल्यासारखा हळू.

निलमने हाक मारायला तोंड उघडलं. संगिताने दारामागे तिचा हात दाबला. बघू तर, हा काय म्हणतो.

जीवन हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिला.

"घ्या मावशी, तुमचा फोटो," डॉक्टर म्हणाले. "आणि ते काम झालं का? आमचे जीवनभाई करणार होते ते?"

"झालं," बायजी म्हणाली. "साहेबांना सवड नव्हती. माझ्या सुनेने केलं."

"वा! कुठे आहे सून?"

बायजीने नुसती मान आत वळवली. संगिता दारात आली. डॉक्टरांनी तिच्या दोन दाढा काढलेल्या. ते ओळखणार नाहीत असं थोडंच होतं?

"भाभी? तुम्ही इथे?"

डॉक्टरांनी भाभीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, मग वळून जीवनकडे. उमेश उगाच चेन तपासायला खाली वाकला.

"आय आहे माझी," जीवन म्हणाला. इतक्या हळू, की कोंबडं आरवलं असतं तर विरून गेलं असतं.

डॉक्टरांनी फोटो पालथा करून ओट्यावर ठेवला.

"आता उभे का?" बायजी म्हणाली. "बसा सगळे. भात गरम आहे." तिने पाहुण्यांना पानं टाकली, वरण वाढलं. डॉक्टर खाली मान घालून जेवले. जीवनची नजर सारवलेल्या कोपऱ्याकडे, वाढून ठेवलेल्या पानांकडे गेली.

"पुढच्या वर्षी मी..." तो म्हणाला.

"पुढच्या वर्षीही मीच," संगिता म्हणाली. "आणि त्याच्या पुढच्याही. तुम्हाला हवं तर या, बसा मागे."

त्याने आईकडे बघितलं. बायजी उमेशला भात वाढत होती. तिने वर बघितलंच नाही. "ती म्हणते तसं," एवढंच म्हणाली.

तिघांनी मिळून घरातलं सगळं पाणी पिऊन संपवलं होतं. बायजीने रिकामा हंडा त्याच्यासमोर ठेवला. "जीवन, हापशीवर जा."

तो उठला. ते टक टक वाजणारे बूट, ती घट्ट चड्डी, खांद्यावर हंडा. हापशी खालच्या वळणावर होती. येताना चढ लागला तसा तो पहिल्याच वळणाला टेकला. उमेशने फोन वर केला होता, पण डॉक्टरांनी त्याचा हात खाली दाबला. निलम धावत खाली गेली आणि तिने हंड्याखाली एका बाजूने हात लावला, तरी दोघं वर पोचेपर्यंत अर्धं पाणी वाटेवर सांडलं होतं.

"अजून एक खेप लागेल," बायजी म्हणाली.