वरच्या बाजूचा टाका

डॉक्टरीणबाईंची दोन सीटांची लाल स्पोर्ट्‌स कार सकाळीच गॅरेजात परत आली, तेव्हा सासरे हात पुसत थेट तिच्या मागच्या अंगाला जाऊन उभे राहिले. तिचा सायलेन्सर, पुढच्या पाइपापासून शेवटच्या नळीपर्यंत, त्यांनी आठवड्यापूर्वी स्वतःच्या हातांनी घडवला होता. आवाज भारदस्त हवा, पण शेजारी भांडायला येता कामा नयेत, एवढंच त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि आवाज अगदी तसाच लागला होता.

"आवाज झकास आहे," बाई म्हणाल्या. "पण परवापासून हा पिवळा दिवा लागलाय, तो जातच नाही. संध्याकाळपर्यंत ठेवते गाडी."

सुनेने गाडीतला बिघाड वाचणारा रीडर स्टीअरिंगखाली जोडला. लग्नाआधी ती गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकली होती. घरात आली तशी गॅरेजातही आली, आणि सहा वर्षांत लोखंड सासऱ्यांचं, वायर सुनेची अशी वाटणी कुणी न करताच होऊन गेली होती.

"पुढचा ऑक्सिजन सेन्सर," ती म्हणाली. "हवा जास्त, पेट्रोल कमी, असं सांगतोय."

"मग सेन्सरच गेला असेल. पाइप बदलताना काढून परत लावला ना. नवा टाकून दे."

"टाकू की. आधी जरा बघते, बाबा."

सेन्सरची वायर गरम पाइपाला चिकटून जळली असेल म्हणून तिने ती बोटांनी टोकापर्यंत चाचपली. वायर शाबूत होती, जोडही घट्ट होता. मग इंजिन चालू करून ती आकडे बघत बसली. गाडी उभी असताना इंजिन हळू चाललं की सेन्सर हवेच्या नावाने बोंब मारायचा. पाय दाबून वेग वाढवला की मुकाट्याने ताळ्यावर यायचा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. सेन्सर मेला असता तर तो सगळीकडेच खोटं बोलला असता. हा फक्त हळू चालीतच तक्रार करत होता. म्हणजे कुठल्या तरी बारीक भोकातून बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि सेन्सर बिचारा दिसेल ते खरं सांगत होता. सेन्सरच्या आधी नवा जोड एकच होता. सासऱ्यांचा.

चाळीस वर्षांत माझा वेल्डिंगचा टाका गळला नाही, हे ते गिऱ्हाइकाला चहाआधी सांगत. अलीकडे मात्र ते पेपर हात लांब करून धरत, स्क्रू उचलताना टेबल चाचपत. तिने ते पाहिलं होतं आणि मूग गिळून गप्प बसली होती.

आताही तिने तेच केलं. हवा इंजिनाच्या बाजूनेही शिरू शकते, या सबबीखाली बॉनेट उघडून ती एकेक रबरी नळी तपासत राहिली. काही बिघडलेलं नव्हतं. तरी तिने त्याच नळ्या दुसऱ्यांदा तपासायला घेतल्या.

सासरे स्टुलावर बसून बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पोरी, मघापासून पुढेच शोधतेयस. मागे का नाही बघत?"

तिने हातातली नळी सोडली.

ते उठले. गाडी लिफ्टवर चढवली, इंजिन निवेपर्यंत बादलीत साबणाचं पाणी कालवलं आणि ब्लोअरचं तोंड सायलेन्सरच्या शेवटच्या नळीत खुपसलं. मग ब्रश तिच्या हातात दिला.

"तू लाव, आणि तूच बघ. मला दिसायचं नाही."

तिने जोडावर पाणी फिरवलं. खालचं अंग ठणठणीत निघालं. वरच्या अंगाला, गाडीच्या पोटाशी, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते.

"आहे, बाबा."

"वरच्या बाजूला?"

"हो."

"तिथे मला रेष दिसलीच नव्हती. अंदाजाने मारला टाका."

"कधीपासून दिसत नाही?"

"होईल वर्ष. सांगितलं असतं तर तू आणि तुझ्या नवऱ्याने मला खुर्चीत बसवलं असतं."

"खुर्चीत बसून तुम्ही आम्हाला जगू दिलं असतं का?"

सासऱ्यांना हसू आवरलं नाही. सून आपल्या टेबलाशी गेली आणि खणातून कागदात गुंडाळलेली एक काच घेऊन आली. वेल्डिंगच्या मास्कमध्ये आतून बसणारं भिंग होतं ते. तीन आठवडे तिने आणून ठेवलं होतं. कसं द्यावं हेच सुचत नव्हतं.

सासऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, रागावले मात्र नाहीत. दोघांनी मिळून पाइप खाली उतरवला, सेन्सर काढून बाजूला ठेवला, पाइप टेबलावरच्या लोखंडी पकडीत घट्ट आवळला. सासऱ्यांनी जुना टाका ग्राइंडरने घासून काढला, भिंग बसवून मास्क चढवला आणि जोडावर वाकून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

"अगं, एवढी स्वच्छ दिसते होय रेष?" मास्कमधून आवाज आला. मग ठिणग्या उडू लागल्या.

पाइप आणि सेन्सर परत बसवून साबणाचं पाणी फिरवलं, तर या खेपेला एकही बुडबुडा आला नाही. तिने रीडरने पिवळा दिवा घालवला आणि दोघं गाडी घेऊन बाहेर पडली. चढ, उतार, सिग्नलला पाच मिनिटं उभं राहणं, सगळं झालं. आकडे जागच्या जागी राहिले, दिवा लागला नाही, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा सून तोंड उघडणार, इतक्यात सासरेच पुढे झाले. "सेन्सर चांगला होता, बाई. टाका माझा चुकला होता. नीट दिसत नव्हतं, तरी मारला. आता भिंग लावून पुन्हा मारलाय."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी तर भिंगाशिवाय एका दाताला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "डोळे मात्र एकदा तपासून घ्या."

"उद्याच जातो. सूनबाई नेणार आहे." सुनेला हे तेव्हाच कळलं, पण तिने मान डोलावली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. सासरे दारात उभे राहून ऐकत होते.